इतर हक्कातली नोंद

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात इतके जण आलात, खरंच बरं वाटलं. मागच्या रांगेत अंगणवाडीच्या ताई बसल्यात, त्यांनी कृपया पुढे यावं. आजचं बोलणं सगळ्यांत जास्त त्यांच्या कामाचं आहे.

आधी एक करूया. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू ज्यांच्या अंगात आहे, त्यांनी हात वर करा. एकही हात नाही. मग मी माझा वर करते. माझ्यात आहे, मी तपासून घेतलंय, ते का ते पुढे सांगेन. या सभागृहात दोनशे माणसं धरली, तर त्यातल्या एकशे ऐंशींनी तरी हात वर करायला हवा होता. (हशा) तुम्ही हसलात ते चांगलं झालं. हेच वाक्य मी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी कुणाला सांगायचे, तेव्हा समोरची मुलगी रडायला लागायची.

मी नोकरीभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. पण माझे वडील तलाठी होते. आमच्याकडे जेवणाच्या पंक्तीला सातबाऱ्याच्या गोष्टी चालत, कुणाच्या जमिनीवर कुणाचं नाव लागलं, कुणाचा बोजा अजून उतरला नाही. त्यामुळे विषाणूंबद्दल बोलताना माझ्या तोंडी दप्तरातले शब्द येतात. पत्रिकेवर विषय छापलाय, 'हर्पीस कुळातले विषाणू : पसरतात कसे, टिकतात कसे'. आयोजकांनी 'कुळ' हा शब्द घराणं या अर्थानं घातलाय. मी तो दुसऱ्याही अर्थानं घेणार आहे, दीर्घ ऊकाराचा, कूळकायद्यातला. जमीन एकाची, कसणारा दुसरा, आणि एकदा नाव लागलं की हुसकून लावता येत नाही. या घराण्यातले सगळे विषाणू आपल्या शरीरात असे कूळ म्हणून राहतात.

माणसात राहणारे असे आठ आहेत. पहिले दोन ओठांवर आणि जननेंद्रियांवर पाण्याचे फोड आणणारे. तिसरा कांजिण्यांचा. चौथा एपस्टाइन-बार, ताप आणि गळ्याच्या गाठी आणणारा. पाचवा आपला सायटोमेगॅलो. सहावा नि सातवा तान्ह्या पोरांना दोन-तीन दिवस ताप देऊन अंगावर पुरळ उठवणारे. आठवा कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा. सहाव्याचे आता दोन वेगळे विषाणू मानतात, म्हणून काही पुस्तकांत नऊ आकडा दिसेल.

घराण्याच्या नावाबद्दल थोडं सांगते, कारण ते आपल्या अगदी जवळचं आहे. 'हर्पीस' हा ग्रीक शब्द, अर्थ सरपटणं. आपला संस्कृत 'सृप्' धातू आणि तो ग्रीक धातू मुळात एकच. त्याच 'सृप्' पासून सर्प. आयुर्वेदात पसरत जाणाऱ्या एका त्वचारोगाला विसर्प म्हटलंय. आणि कमरेवरून सरपटत जाणाऱ्या फोडांच्या पट्ट्याला आपल्या आज्या-पणज्यांनी नाव दिलं, नागीण. ग्रीकांना जे दिसलं तेच आपल्या बायकांनाही दिसलं.

माझ्या आजीला नागीण झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुम्हाला ठाऊकच आहे काय म्हणतात ते : नागिणीचं तोंड शेपटीला लागलं, कमरेला वेढा पूर्ण झाला, की माणूस जातं. आजीला आग होत होती, पदर सहन होत नव्हता, पण त्याहून मोठी होती ती भीती. रोज सकाळी ती मला पाठीमागे उभी करायची आणि विचारायची, "कुठवर आली गं?" मी वितीनं मोजायचे. गेरूचा लेप दिलेला, त्याच्या कडेनं मी बोट फिरवायचे. पुढे बेंबीपाशी ती थांबली, मागे मणक्यापाशी. आजी म्हणाली, देवाला दया आली.

ती थांबणारच होती, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर कळलं. कांजिण्यांचा विषाणू लहानपणी येतो, फोड सुकतात, आपण विसरतो. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी, मणक्यालगतच्या गाठींमध्ये जाऊन बसलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांनी एखाद्या गाठीत तो उठतो आणि त्या एका मज्जातंतूवरून खाली कातडीपर्यंत येतो. मज्जातंतू मणक्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेपर्यंतच जातो, तोही एकाच बाजूला. तंतूची हद्द संपली की नागिणीचीही संपली. एरवी धडधाकट माणसात ती वेढा घालत नाही. माझी आजी अकरा रात्री झोपली नाही, आणि हे सांगणारं कुणी घरात नव्हतं.

गोष्ट तिथे संपली नाही. आजीचे फोड सुकत आले तेव्हा माझ्या धाकट्या भावाला कांजिण्या आल्या. घरात देवी आली म्हणून दाराला कडुनिंब बांधला. गावात तेव्हा दुसऱ्या कुणाला कांजिण्या नव्हत्या. आईला वाटलं, कुठल्या जत्रेतून आणल्या असतील. कुठून नाही, आजीच्या मांडीवरून आणल्या होत्या.

हे कोडं इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या लहान गावातल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं मांडलं. एडगर होप-सिम्प्सन त्याचं नाव. त्यानं आपल्या दवाखान्यातल्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, आणि पार उत्तरेला शेटलंड बेटांमधल्या येल या बेटावर जाऊन तिथल्याही नोंदी तपासल्या. कांजिण्यांच्या साथी येतात-जातात, नागीण मात्र साथीशिवाय, वर्षभर, कुठेही उठते. १९६५ साली त्यानं लिहिलं की नागिणीचा विषाणू बाहेरून येत नाही, तो त्याच माणसात लहानपणापासून असतो. ज्याच्याकडे ना मोठी प्रयोगशाळा, ना हाताखाली माणसं, त्या माणसानं वहीच्या जोरावर हे ओळखलं. मी दर वर्षी पहिल्या वर्गात विद्यार्थ्यांना हे सांगायचे.

यातून निघणारी गोष्ट फार मोठी आहे. गोवराला जिवंत राहायला काही लाखांची वस्ती लागते. ज्याला झाला तो एक तर बरा होतो नाही तर जातो, विषाणूला नवं मूल रोज हवं. छोट्या बेटावर गोवर येतो, सगळ्यांना होतो आणि नाहीसा होतो. कांजिण्यांना एक वाडी पुरते. सगळी पोरं बरी झाली तरी विषाणू त्यांच्यात राहतो, पोरं म्हातारी होतात, नागीण उठते, मांडीवर नातू असतोच. माणसं शेकड्यानंच एकत्र राहत होती, शहरं नव्हती, तेव्हापासूनचे हे विषाणू आहेत. उंदराचा सायटोमेगॅलो वेगळा, गिनीपिगचा वेगळा, माकडाचा वेगळा, आपला वेगळा, आणि सहसा एकाचा दुसऱ्यात चालत नाही. प्रत्येक प्राण्याबरोबर त्याचं कूळही पिढ्यान् पिढ्या उतरत आलंय.

आता सायटोमेगॅलोकडे येते. नावाचा अर्थ, पेशी मोठी करणारा. १८८१ मध्ये जर्मनीत बॉनला ह्यूगो रिबर्ट या विकृतिशास्त्रज्ञाला मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात काही अवाढव्य पेशी दिसल्या. पेशीच्या मध्यभागी गडद गोळा, भोवती रिकामं वर्तुळ. आम्ही त्याला घुबडाचा डोळा म्हणतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो एकदा पाहिलात की आयुष्यभर ओळखाल. रिबर्टला त्याचा अर्थ लागला नाही. १९०४ मध्ये दुसऱ्यांनी तशाच पेशींचं वर्णन छापलं, तेव्हा त्यानं आपलं तेवीस वर्षांपूर्वीचं निरीक्षण बाहेर काढलं. पुढे कित्येक वर्षं लोकांना वाटत होतं की हा अमिबासारखा एकपेशीय जीव असावा. विषाणू प्रत्यक्ष हाती आला १९५६-५७ च्या सुमाराला, अमेरिकेत तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी : मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि थॉमस वेलर. पोलिओचा विषाणू पेशींवर वाढवून दाखवल्याबद्दल १९५४ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातलाच हा वेलर. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, हेही त्यानंच प्रयोगशाळेत पक्कं केलं. 'सायटोमेगॅलोव्हायरस' हे नाव त्यानं १९६० मध्ये दिलं. त्याआधी त्याला लाळग्रंथींचा विषाणू म्हणत. माझ्या मते ते जुनं नाव आईबापांना जास्त उपयोगी पडलं असतं. लाळ म्हटलं की माणूस हात तरी धुतो.

आता ज्यासाठी मी हे आमंत्रण स्वीकारलं ते सांगते.

एके दिवशी दुपारी खिडकीपाशी एक मुलगी आली, चोवीस-पंचविशीची. बरोबर सासूबाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. दोन वेळा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलेलं. त्यांच्या गावच्या बाजूला कुणीतरी 'टॉर्च' तपासणी करायला सांगितली होती. टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे, ते काही जंतूंच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून केलेलं नाव : टॉक्सोप्लाझ्मा, इतर, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस. रिपोर्टवर रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस, तिन्हींपुढे आयजीजी पॉझिटिव्ह, लाल शाईनं अधोरेखित. सांगितलं गेलं, "पोटात जंतू आहेत, ते मूल टिकू देत नाहीत." गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पुन्हा पॉझिटिव्ह. पुन्हा गोळ्या. मी फाईल चाळली, तर असे चार रिपोर्ट होते. पहिल्यात सायटोमेगॅलोचा आकडा १८०, शेवटच्यात २१०. ती मला म्हणाली, "मॅडम, वाढत चाललंय हो. निगेटिव्ह कधी येणार?"

मी तिला खुर्ची दिली. खिडकीच्या आत कुणाला बसवायची पद्धत नव्हती. हळूहळू कळलं की घरात तिचं ताट-वाटी वेगळं केलंय. धाकट्या जावेचं बाळ आहे, ते ती उचलत नाही, तिनं आपणहूनच बंद केलंय, बाळाला लागेल म्हणून. चार तपासण्यांत आणि गोळ्यांत जेवढे पैसे गेले तेवढ्यात त्यांनी शेळी घेतली असती, हे सासूबाई बोलल्या. मला सासूबाईंबद्दल एक आवर्जून सांगायचंय. त्या वाईट नव्हत्या. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या, सुनेसाठी डबा घेऊन, आणि रांगेत स्वतः उभ्या राहिल्या होत्या. त्या भ्यायल्या होत्या. कुणीतरी त्यांना शास्त्राच्या नावानं भीती विकली होती.

मी तोंडी समजावलं, ते दोघींच्या चेहऱ्यावर पोचलं नाही. कसं पोचेल, छापील कागदापुढे तोंडच्या शब्दाला काय किंमत? मग मी म्हटलं, सासूबाई, तुमचं रक्त द्या. त्या दचकल्या. मी म्हटलं, माझंही घेते. आमच्या तंत्रज्ञानंही बाही वर केली. तीन नळ्या लावल्या, किटचे पैसे मी भरले. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. तिघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह. सासूबाईंचा आकडा सुनेपेक्षा मोठा. सासूबाईंना पाच मुलं, सगळी धडधाकट.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडनंच गेलं का हिच्यात?" बघा मंडळी, भीती कशी उलटून स्वतःवर येते. मी सांगितलं, तुमच्या आईकडून तुमच्यात आलं, हिच्या आईकडून हिच्यात. बहुतेक अंगावरच्या दुधातून, नाहीतर उष्ट्या घासातून, मुक्यातून. त्यांचा पुढचा प्रश्न, "मग दूध पाजायचं नाही का?" पाजायचंच. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून हा विषाणू मिळतो तेव्हा आईची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, त्याला आधीच मिळालेली असतात, बाळाला काही होत नाही. खूप आधी जन्मलेल्या, हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळांची गोष्ट वेगळी, त्यांचं त्यांचे डॉक्टर बघतात. या सभागृहातून कुणी घरी जाऊन दूध बंद केलं, तर मी आज बोलले नसते तेच बरं होतं असं होईल.

मग मी तिला वडिलांच्या भाषेत सांगितलं, आणि ते तिला कळलं, कारण तिच्या सासऱ्यांची जमीन होती. आयजीजी, म्हणजे लागण होऊन गेल्यावर रक्तात उरणारी प्रतिपिंडं, ही सातबाऱ्याच्या सातमधली इतर हक्कातली नोंद आहे. कधीतरी नाव लागलंय, एवढंच ती सांगते. नाव कधी लागलं हे सांगत नाही, आणि आज शेतात कोण काय पिकवतंय हेही सांगत नाही. ही नोंद जन्मभर राहते. निगेटिव्ह होणारच नाही, व्हायची गरजही नाही. आकडा १८० चा २१० झाला म्हणजे जंतू वाढले असं नाही, तो किटचा आणि दिवसाचा फरक. रुबेलाची आयजीजी पॉझिटिव्ह असणं तर चांगलं, लस टोचून आपण तेच मिळवतो, आणि तिच्या रिपोर्टवर त्याच शब्दाखाली लाल रेघ मारली होती. नोंद जुनी की नवी हे बघायचं असेल तर फेरफार काढावा लागतो. आमच्याकडे त्याला ॲव्हिडिटी म्हणतात, प्रतिपिंडाची पकड किती घट्ट. घट्ट असेल तर नोंद जुनी. आयजीएम, म्हणजे लागण झाल्यावर सुरुवातीला येणारी प्रतिपिंडं, ही चावडीवरची बातमी. खरी असू शकते, पण जुनी किंवा भलत्याच विषाणूची असू शकते, तिच्यावर एकटीवर निवाडा देऊ नये. आणि आज पीक काय उभं आहे ते बघायचं तर सात नाही, बारा बघावा लागतो, पीकपाहणी. ती म्हणजे लघवीत किंवा लाळेत विषाणू शोधणारी पीसीआर.

या टॉर्चबद्दल माझ्या मनात जी चीड आहे ती निवृत्तीनंतरही कमी झाली नाही. अटलांटाच्या आंद्रे नाहमियस यांनी १९७१ च्या सुमाराला हा शब्द तयार केला, तो नवजात बाळांसाठी. आजारी जन्मलेल्या बाळात हे चार-पाच जंतू विसरू नका, अशी डॉक्टरांसाठी आठवण होती ती. ती आपल्याकडे आली आणि गर्भपात झालेल्या बाईच्या रक्ताची तपासणी बनली. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची टॉर्च तपासणी सरसकट करणं सोडून द्यावं, असं ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय. ज्या देशात शंभरातल्या नव्वदांहून जास्त बायकांत हे उत्तर आधीच ठरलेलं आहे, तिथे हा प्रश्न विचारून पैसे घेणं मला चुकीचं वाटतं. आणि तपासणी बाईचीच होते. नवऱ्याचं रक्त घेतलं तर तेही तसंच निघेल, पण त्याचं ताट कुणी वेगळं करत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. पत्रिकेवरचा विषय अजून पुरा मांडलेला नाही, तेव्हा आता भराभर सांगते. टिपून घ्यायचं असेल तर पुढचं घ्या.

टिकतात कसे. ओठांवरचा हर्पीस चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत, कांजिण्यांचा मणक्यालगत, एपस्टाइन-बार रक्तातल्या बी पेशींत, सायटोमेगॅलो अस्थिमज्जेत, जिथे रक्तपेशी तयार होतात तिथल्या मूळ पेशींत आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत. तिथे त्याचा डीएनए केंद्रकात नुसता पडून असतो, कारखाना बंद. मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये जाऊन मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, बनू लागला की विषाणू जागा होऊ शकतो. या घराण्यात माणसाच्या अंगातला सर्वांत मोठा जनुकसंच याचाच, जवळपास दोन लाख पस्तीस हजार अक्षरांचा, आणि त्यातला बराच भाग लपण्यासाठी वापरलेला.

लपतो कसा ते ऐका. आपली प्रत्येक पेशी दारावर पाटी लावते, आत काय चाललंय त्याचा नमुना बाहेर दाखवते. गस्तीवरच्या टी पेशी पाट्या वाचतात. या विषाणूची निदान चार जनुकं पाटी दाराला लागण्याआधीच अडवतात किंवा मोडून टाकतात. पण बिनपाटीचं घर दिसलं की मारणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, एनके पेशी. त्यांच्यासाठी हा खोटी पाटी लावतो, आपल्या पाटीसारखी दिसणारी. एवढ्यावर भागलं नाही तर आपल्याच शरीरातल्या 'शांत व्हा' या रासायनिक निरोपाची नक्कल बाहेर सोडतो. तरीही आपलं शरीर त्याला दाबून ठेवतं, आणि त्याची किंमत मोजतं : लागण झालेल्या माणसाच्या रक्तातल्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी दहा टक्के या एकाच विषाणूवर नजर ठेवायला गुंतलेल्या असतात. ही राखण ढिली पडली, म्हणजे एड्समध्ये किंवा मूत्रपिंड बसवल्यावरच्या औषधांमुळे, तर तो डोळ्याचा पडदा, आतडी, फुप्फुसं धरतो. म्हणून प्रत्यारोपणानंतर बऱ्याच जणांना काही महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे त्याला रोखणारं औषध देतात.

पसरतात कसे. लाळ, लघवी, दूध, लैंगिक संबंध, रक्त, अवयव, आणि आईच्या पोटात वारेतून. सगळ्यांत जास्त पसरवणारा म्हणजे दीड-दोन वर्षांचं हसरं पोर, ज्याला काहीही झालेलं नाही. त्याच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त जात राहतो. आपल्याकडे उष्टावणाचा सोहळा होतो, आणि मग उरलेला घास आईनं खायचा हे ठरलेलंच. एरवी खुशाल खा. पण दुसऱ्यांदा दिवस राहिलेत अशा आईनं थोरल्याचं उष्टं खाऊ नये, त्याचा चमचा स्वतःच्या तोंडात घालू नये, लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर साबणानं हात धुवावेत, मुका ओठांचा न घेता कपाळाचा घ्यावा. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साध्या साबणानं ते फुटतं. ताई, तुमच्यापैकी कुणाला दिवस गेले असतील तर हेच तुम्हालाही. लस अजून हातात नाही, हात धुणं आहे.

आता कुणी विचारेल, नव्वद टक्के बायकांना आधीच होऊन गेलंय, तर पोटातल्या बाळाला धोका कुठला? हा प्रश्न फार महत्त्वाचा. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर तीसेक टक्के बाळांपर्यंत विषाणू पोचतो. आधी झालेल्या बाईत ते प्रमाण फार कमी, पण शून्य नाही. जुना विषाणू जागा होतो, किंवा त्याचाच वेगळा वाण नव्यानं येतो. ब्राझीलमध्ये, जिथे जवळजवळ सगळ्या आया आधीच पॉझिटिव्ह, तिथे ८,०४७ नवजात बाळं तपासली, त्यातली ८७ लागण घेऊन जन्मली होती. शंभरात एक. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. शंभरात अर्धं धरलं तरी लाखावर जातं.

या बाळांपैकी दहातलं एखादंच जन्मतःच आजारी दिसतं : डोकं लहान, कावीळ, अंगावर जांभळे ठिपके, यकृत-प्लीहा वाढलेली. बाकीची गुटगुटीत दिसतात. त्या गुटगुटीत बाळांतल्याही दहा-पंधरा टक्क्यांना पुढे ऐकू कमी येतं. कधी जन्मल्यावर कान ठीक असतात आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू जातात, कधी एकच कान जातो. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणाचं जगातलं सर्वांत मोठं कारण हा विषाणू आहे.

आणि तो ओळखायला मुदत आहे. बाळाची लघवी किंवा लाळ जन्मापासून २१ दिवसांच्या आत तपासली आणि विषाणू सापडला, तर तो पोटातून आला हे नक्की. बाविसाव्या दिवशी सापडला तर तो दुधातूनही आलेला असेल, काहीच ठरवता येत नाही. लक्षणं असलेल्या बाळाला पहिल्या महिन्यातच तेच व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सुरू करून सहा महिने दिलं, तर दोन वर्षांनंतरचं ऐकणं आणि बोलणं थोडं बरं राहतं, हे २०१५ मध्ये छापल्या गेलेल्या चाचणीत दिसलं. औषधानं पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ते तज्ज्ञांच्या नजरेखालीच. अमेरिकेत यूटा राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला : कानाच्या चाचणीत नापास झालेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी २१ दिवसांत. मिनेसोटा २०२३ पासून प्रत्येकच बाळाची करतं. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ मध्ये आपल्या पालघरला झाली, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. यंत्रणेत दार आहे, त्यातून वेळेत आत जायचंय.

अजून पाच मिनिटं द्या, अध्यक्षमहाराज. निवृत्त व्हायच्या वर्षी माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलत नव्हता. घरच्यांना वाटलं, बाप उशिरा बोलला होता, हाही बोलेल. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, केली तेव्हा दोन्ही कान गेलेले. त्यांना माझ्याकडून हवं होतं की हे कशानं झालं. मी सांगू शकले नाही. तीन आठवड्यांची मुदत साडेतीन वर्षांपूर्वी उलटली होती, जन्मावेळचं रक्त कुठे ठेवलेलं नव्हतं. मी त्यांची फाईल पाहिली. आईचे टॉर्चचे तीन रिपोर्ट होते. बाळाच्या कानांची एकही तपासणी नव्हती.

त्या तीन रिपोर्टांच्या पैशांत त्या बाळाची लघवीही तपासून झाली असती आणि कानही. मला एवढंच सांगायचंय. आईच्या रक्तातली जुनी नोंद उकरण्यात जो पैसा, जी धावपळ आणि जी भीती खर्च होते, ती उचलून बाळाच्या पहिल्या तीन आठवड्यांवर ठेवा.

ताई, तुम्ही आणि आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या आठवड्यात जाता. माता-बाल कार्डावर जन्मतारखेशेजारी एकविसाव्या दिवसाची तारीख पेन्सिलनं लिहा. बाळाची कानाची चाचणी झाली का विचारा. ओएई म्हणतात, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. नापास झालं, किंवा डोकं लहान वाटलं, किंवा अंगावर ठिपके दिसले, तर 'पुढच्या महिन्यात बघू' असं कुणालाही म्हणू देऊ नका. बाळाला त्या तारखेच्या आत जिल्ह्याच्या केंद्रात न्या आणि तिथे शब्द वापरा : सायटोमेगॅलो, लघवीची पीसीआर. उच्चार चुकला तरी चालेल. आणि चाचणीत पास झालेल्या बाळाच्याही पाठीमागे वर्षभरानं, दोन वर्षांनी वाटी वाजवून बघा, वळतं का ते. वळलं नाही तर बेरा. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कानांचं सगळं बघतात. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं, त्यासाठी सरकारी योजना आहेत.

खिडकीतल्या त्या मुलीचं काय झालं, असं पहिल्या रांगेतून मघाशी कुणीतरी विचारलं. गर्भपाताचं कारण वेगळंच निघालं, थायरॉइड. वर्षभरानं सासूबाई एकट्याच आल्या, पेढे घेऊन. मी विचारलं, ताट? म्हणाल्या, "ते त्याच दिवशी एकत्र केलं."

आता प्रश्न घेते. मागच्या निळ्या साडीतल्या ताईंचा हात आधीपासून वर आहे.